अकरा पावलांवरचा नळ

“दिवाळीच्या आत पाणी चालत तुझ्या उंबऱ्याशी येईल. नाही आलं, तर अठ्ठावीस वर्षं मी पोस्टात नुसते शिक्के मारले असं समज,” अंबादासपंत म्हणाले आणि त्यांनी ऐटीत टोपी चढवली.

सत्यभामाबाई गुडघ्याला एरंडाचं पान बांधत बसल्या होत्या. “चालत येईल?”

“चालत!”

“मग पाय पुसून ये म्हणा. आत्ताच सारवलं आहे मी.”

अंबादासपंतांनी अठ्ठावीस वर्षं खरोखरच पोस्टात नुसते शिक्के मारले होते. पण पेन्शनीत निघाल्यावर माणूस जरा मोठा होतो, तसे तेही झाले होते. शिवाय आज त्यांच्या खिशात म्युन्सिपाल्टीची चिठ्ठी होती.

त्यांची गल्ली बाजारातल्या बड्या फुहाऱ्याच्या, म्हणजे मोठ्या कारंज्याच्या, मागे होती. फुहाऱ्यावर पाणी दिवसभर आभाळात उडायचं, कापड घ्यायला आलेले लोक ते बघून खूश व्हायचे, आणि तिथून हाकेवर राहणाऱ्या वीस मराठी घरांना प्यायला थेंब नव्हता. गल्ली म्हणजे सरळ उतार. वर विठोबाचं देऊळ, मध्ये अंबादासपंतांचं घर, आणि पार तळाशी, बत्तीस पायऱ्या उतरून, विहीर. त्या पायऱ्यांवर श्रावणात सत्यभामाबाई घसरल्या. डोक्यावरची घागर त्यांनी वाचवली, गुडघा गेला. घागरीला पोचा आला नाही म्हणून त्या आठ दिवस खुशीत होत्या. सूज मात्र उतरली नाही. रोज सकाळी त्या भिंतीला हात धरून उतरायच्या, आणि अंबादासपंत ओट्यावर बसून पायऱ्या मोजायचे. बत्तीस खाली, बत्तीस वर. मोजता मोजता त्यांच्याच गुडघ्यात कळ यायची.

म्हणून तर त्यांनी अर्जांवर अर्ज केले होते. आणि आता चिठ्ठी आली होती, की देवळासमोरच्या लिंबाखाली एक नळ मंजूर आहे, मात्र सगळ्या मोहल्ल्याने सभा घेऊन एकमताने सह्या द्याव्यात. पंधरा दिवसांत सह्या आल्या नाहीत, तर नळ पलीकडच्या गल्लीला.

लिंबापासून आपल्या दारापर्यंतचं अंतर अंबादासपंतांनी तीनदा मोजलं होतं. अकरा पावलं. “अन् येताना उतार,” त्यांनी बायकोला समजावलं होतं, “घागर घेऊन तू नुसती उभी राहा, आपोआप घरी येशील.”

सभा देवळात भरली. सभापती रामराव. ते दर वेळीच असत, कारण मोहल्ल्यात हाताची खुर्ची एकट्या त्यांच्याकडे होती, आणि ती ते सभेला द्यायचे ती स्वतःसकट. पुरुष सतरंजीवर, बायका खांबांच्या मागे. मागची सभा नाली साफ करण्यावर होती. ती नालीत बसणाऱ्या म्हशीवर आली, तिथून म्हशीच्या दुधात पाणी कोण घालतं यावर गेली, आणि दोन घरांचं बोलणं बंद होऊन संपली. नाली अजून तशीच होती.

पण आज सगळे गोडीत होते. अंबादासपंतांनी चिठ्ठी वाचली, रामरावांनी डोळे मिटून मान डोलावली, आणि सह्यांचा कागद निघाला. तेवढ्यात शालिग्रामबुवा खाकरले.

शालिग्रामबुवा देवळात भजनाला पखवाज वाजवायचे, आरतीनंतर तीर्थ द्यायचे, आणि उरलेल्या वेळात गल्लीतल्या सोवळ्याओवळ्यावर नजर ठेवायचे.

“काहून जी अंबादासपंत,” बुवा म्हणाले, “नळाच्या तोटीत काय असते?”

“पाणी असते बुवा.”

“अन् पाण्याच्या आधी?”

अंबादासपंत चिठ्ठीची घडी घालू लागले. कारण त्यांना माहीत होतं. नळाच्या अर्जापायी ते दोन महिने म्युन्सिपाल्टीत खेपा घालून राहिले होते, त्यांना सगळं माहीत होतं.

“वायसर असते,” बुवांनी चिमूट उभी धरली. “इत्कुसं. गोल. चामड्याचं. पाणी त्याला घासून बाहेर येते. अन् ते पाणी तुम्ही विठोबाच्या डोक्यावर घालाल? चलो, घाला.”

सतरंजीवरचे हात एकेक करून कागदापासून मागे सरले. रामरावांनी डोळे उघडले, “विषय गंभीर आहे” म्हणाले, आणि सभा बारा दिवस पुढे ढकलली. तेव्हा पंधरा दिवसांतले दोन गेलेलेच होते.

घरी आल्यावर सत्यभामाबाईंनी विचारलं, “तुम्हाला ठाऊक होतं?”

“अगं, इत्कुसं असते ते...”

“इत्कुसं असो नाही तर एवढं असो. मी ते पाणी भरणार नाही. देवाचं तर नाहीच नाही.” आणि त्या लंगडत आत गेल्या.

अंबादासपंत जागच्या जागी तापले. “ठीक आहे!” ते आतल्या अंधाराला उद्देशून ओरडले. “मग उद्यापासून विहिरीवर तू जायचं नाही. पाणी मी भरीन! त्यात काय आहे?”

त्यात काय आहे ते लगेच कळलं. पहिल्याच दिवशी बादली सुटून विहिरीत गेली. दुसऱ्या दिवशी दुसरी बादली गेली, आणि ती कुठे गेली हे बघायला पंत वाकले तेव्हा टोपी गेली. तिसऱ्या दिवशी त्यांनी पहिल्या दोन काढायला गळ टाकला, तर गळाचा दोरच हातातून निसटला. विहिरीवरच्या बायका आता घाई करेनाशा झाल्या. रिकाम्या घागरी मांडून त्या कट्ट्यावर बसून राहत.

“भाऊजी,” शेजारच्या बेबीताई म्हणाल्या, “तुम्ही पाणी भरून राहिले का विहीर भरून राहिले?”

“हसा, हसा,” पंत म्हणाले. “सवय होईपर्यंत हसा.”

पण वर येताना अर्धी घागर धोतरावर सांडलेली असायची, आणि उरलेली अर्धी ते उंबऱ्याशी ठेवायचे आणि म्हणायचे, “फार काही जड नसते.”

पाचव्या दिवशी त्यांना युक्ती सुचली. म्युन्सिपाल्टीचा नळवाला मिस्त्री बळीराम फुहाऱ्याजवळ पाइप जोडत बसलेला असायचा. पंतांनी घरातला शंकरपाळ्यांचा डबा उचलला आणि त्याच्यापुढे नेऊन ठेवला.

“बळीराम भैया, आमच्या गल्लीत नळ लागेल ना, त्यातला वो चमड़े का वायसर निकाल देना. चुपचाप. कुणाला बोलू नको.”

बळीरामाने शंकरपाळं तोंडात टाकलं. “पंतजी, बिना वायसर के तो—”

“मला शिकवू नको,” पंतांनी हात वर केला. “अट्ठाईस साल सरकारी नौकरी की है मैंने.”

“पर पंतजी, बंद करते बखत—”

“लगेगा कि निकलेगा, एवढंच सांग.”

“निकल जाएगा,” बळीराम म्हणाला, आणि दुसरं शंकरपाळं घेतलं. सरकारी माणसाशी किती बोलायचं हे त्यालाही कळत होतं.

पंत खुशीत परतले. सभेत सगळ्यांसमोर सांगू, की आपल्या नळात चामडं नाही, आणि बुवांचं तोंड बंद करू. पण रस्त्यातच त्यांना आठवलं, की चामडं काढायची लाच म्हणून आपण चामडं हाताळणाऱ्या माणसाला घरच्या डब्यातून खायला घातलं, आणि डबा परत घरात नेऊन ठेवतो आहोत. हे बुवांना कळलं तर नवीन सभा. तेव्हा गप्प बसावं हेच बरं असं त्यांनी ठरवलं, आणि सभेत काय बोलायचं हा प्रश्न पुन्हा होता तिथेच आला.

दहाव्या दिवशी पंत जवळजवळ विहिरीतच गेले. घागर भरली होती, त्यांनी दोर मनगटाला गुंडाळला होता, आणि घागरीने त्यांना ओढलं. बेबीताईंनी मागून धोतराचा काष्टा धरला म्हणून ते कट्ट्यावर राहिले. काष्टाही राहिला नाही म्हणा, पण बायकांनी तिकडे बघितलं नाही असं सांगायचं ठरलं.

बेबीताई धावत वर गेल्या. “वहिनी, चला लवकर! भाऊजी थोडक्यात वाचले!”

सत्यभामाबाई बत्तीस पायऱ्या कशा उतरल्या ते त्यांचं त्यांनाही सांगता आलं नसतं. पंत कट्ट्यावर बसून धोतर सावरत होते.

“काही झालं नाही,” ते म्हणाले. “तू काहून आली? गुडघा दुखेल ना.”

संध्याकाळी सत्यभामाबाईंनी पंतांचे हात दिव्याजवळ ओढले. उजव्या तळव्यावर शिक्क्याचा जुना घट्टा होता. तो त्यांच्या ओळखीचा होता. लग्नानंतरच्या दुसऱ्या वर्षीपासून त्या तो बघत होत्या. त्याच्या चारही बाजूंनी आता फोड आले होते, दोन फुटलेले.

“फार काही जड नसते ना?” सत्यभामाबाई म्हणाल्या.

“नसते.”

त्यांनी फोडांना लोणी लावलं. एकेका बोटाला, सावकाश. मग फडकं बांधलं आणि गाठ मारल्यावरही हात सोडला नाही.

“तुम्ही अर्ज लिहीत होता, तेव्हा मला वाटे की पोस्टाची सवय सुटत नाही म्हणून लिहीत असाल.”

“नाही,” पंत म्हणाले. “बत्तीस पायऱ्या आहेत त्या. मी मोजल्या आहेत.”

देवळात भजन सुरू झालं होतं. शालिग्रामबुवांची थाप इथपर्यंत ऐकू येत होती. सत्यभामाबाई पंतांचा हात मांडीवर घेऊन बराच वेळ ती ऐकत बसल्या. नंतर एकदम म्हणाल्या, “परवा सभा आहे ना? मी येणार आहे.”

सभा भरली. रामराव खुर्चीत आले, खुर्ची करकरली, हीच सभेची सुरुवात. अंबादासपंत फडकं बांधलेले हात घेऊन उभे राहिले, “सज्जनहो” म्हणाले, आणि फडक्याची गाठच घट्ट करत राहिले.

“चामड्याचं पाणी देवाला चालत नाही,” बुवा म्हणाले. “इथं विषय संपला.”

“मला एक विचारायचं आहे,” खांबामागून आवाज आला.

सतरंजी मागे वळली. या देवळात बायकांनी आजवर गाणी म्हटली होती, आरत्या म्हटल्या होत्या, सभेत मात्र कोणी बोललं नव्हतं. रामरावांनी नियम आठवून बघितला. तसा नियमच नव्हता. “विचारा ताई,” ते म्हणाले.

“बुवा, तुमच्या पखवाजाला काय लावलं आहे?”

“शाई लावली आहे. दुसऱ्या बाजूला कणीक.”

“शाई कशावर लावली आहे?”

बुवांनी पखवाजाकडे पाहिलं. पखवाज विठोबाच्या पायांपासून दोन हातांवर, मखमलीच्या गवसणीत झोपला होता.

“ते... ते वाद्य आहे,” बुवा म्हणाले.

“असू द्या. वायसर इत्कुसं आहे, हे चामडं केवढं तरी आहे. यावर तुम्ही थाप मारता अन् त्याच हाताने आम्हाला तीर्थ देता. तीस वर्षं मी ते डोळे मिटून पिऊन राहिले आहे. विठोबा काही बोलला नाही. मग नळाचं त्याला काहून चालणार नाही?”

सतरंजीवरच्या सगळ्या माना एकदम पखवाजाकडे वळल्या. मग बेबीताई खुदकन हसल्या, मग कोणीतरी सतरंजीवर हसलं, मग रामराव इतके हसले की खुर्चीचा एक हात निघून त्यांच्या हातात आला.

शालिग्रामबुवा वाईट माणूस नव्हते. त्यांच्याही घरी बायको होती आणि तिच्याही डोक्यावर घागर होती. त्यांनी पखवाजाची गवसणी उगीच सारखी केली आणि म्हणाले, “वाजवल्यानंतर मी हात धुतो, बरं का.”

“मग नळावर धुवा,” सत्यभामाबाई म्हणाल्या. “विहीर फार खाली आहे.”

बुवांनी पहिली सही केली. अंबादासपंतांनी फडक्यातल्या बोटांनी शेवटची केली. ती मांजराने केल्यासारखी आली. घरी येताना उतारावर त्यांनी बायकोला हात धरायला दिला. भर रस्त्यात, उजेड असताना. लोकांनी बघितलं. त्या आनंदात त्यांना दुसरं काहीही आठवलं नाही. शंकरपाळ्यांचा डबा तर नाहीच नाही.

नळ धनत्रयोदशीच्या सकाळी सुरू झाला. लिंबाखाली रांगोळी, तोटीला झेंडूची माळ, बुवांनी स्वतः नारळ फोडला. सत्यभामाबाईंनी दारापुढेही रांगोळी काढली होती, चुलीवर सगळ्यांसाठी शिरा ठेवला होता, आणि पोचा न आलेली ती घागर तोटीखाली ठेवली होती. बळीरामाने गल्लीच्या तोंडाशी मोठ्या पाइपाची चावी फिरवली, पंतांकडे बघून ओळखीचं हसला, ती लांब लोखंडी चावी खांद्यावर टाकली आणि सायकलवर बसून मदन महाल भागातल्या दुसऱ्या कामावर निघून गेला.

तोटी खाकरली, थुंकली, आणि पाणी आलं. अंबादासपंतांनी तोटी पूर्ण उघडली. घागर भरली. सत्यभामाबाई पाण्याकडे बघत होत्या आणि अंबादासपंत सत्यभामाबाईंकडे.

“अहो, भरली,” त्या म्हणाल्या. “बंद करा.”

पंतांनी तोटी फिरवली. मग आणखी फिरवली. मग शालिग्रामबुवांनी फिरवली. मग रामरावांनी.

वायसर आत नव्हतं. पाणी अकरा पावलं उतार उतरलं, दारापुढची रांगोळी घेऊन उंबऱ्यावरून आत गेलं, आणि शिरा व्हायच्या आधी चूल विझली.