तीन मिनिटांत पास झालेला लॅपटॉप

मी एक जुना लॅपटॉप आहे खरा, मित्रांनो, पण आज मी जुनेपणाचं रडगाणं गाणार नाही. मला एक कबुली द्यायची आहे. एका भल्या माणसाने माझ्यामुळे तीन आठवडे स्वतःच्या पायाला दोष दिला, आणि मी समोर बसून ते बघत राहिलो.

माझा जन्म एका लांबलचक, पांढऱ्या दिव्यांच्या कारखान्यात झाला. निळे हातमोजे घातलेल्या एका बाईंनी माझ्या पोटात छोटासा पंखा बसवला आणि बोटाने फिरवून पाहिला. खेळांमधली जड चित्रं झेपावीत म्हणून मला वेगळं ग्राफिक्स कार्ड दिलं होतं, आणि तसं जगाला सांगणारा एक लाल स्टिकर. त्या स्टिकरचा मला केवढा तोरा होता!

पण मी गेलो घरांचे आराखडे काढणाऱ्या एका बाईंकडे. त्या माझ्यावर जिने आणि खिडक्या काढायच्या, आणि शेजारच्याच टेबलावर करवतीने लाकडाचे छोटे नमुने कापायच्या. पाच वर्षं तो बारीक भुसा माझ्या पंख्यात जाऊन बसला. "हा आपला कधी कुरकुरत नाही," असं त्या येणाऱ्या-जाणाऱ्याला कौतुकाने सांगायच्या. मीही कुरकुरलो नाही. आतून गुदमरत होतो, पण शाबासकीची चटक वाईट.

पुढे त्यांनी नवा लॅपटॉप आणला आणि मी जुन्या संगणकांच्या दुकानात आलो. दुकानदाराला सगळे 'चिमटा' म्हणत, कारण बारीक स्क्रू उचलायचा चिमटा त्याच्या कानावर पेन्सिलीसारखा अडकवलेला असे. त्याने माझी काच पुसली, स्टिकर पुसला, पण पोट काही उघडलं नाही. सात महिने मी फळीवर पडून होतो. शेजारचे एकेक जण घरी गेले. मी राहिलो.

मग एक दिवस एक मुलगी तिच्या वडिलांना घेऊन आली. मुलगी रक्त तपासायच्या लॅबमध्ये कामाला. वडील चौतीस वर्षं शहरात बस चालवून निवृत्त झालेले. आठ महिन्यांपूर्वी त्यांना अर्धांगवायूचा हलका झटका आला होता. उजवा हात-पाय आता पुष्कळ सुधारला होता, पण घरची छोटी मोटार पुन्हा चालवायची की नाही, हे ठरत नव्हतं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, "आधी घरच्या घरी एखाद्या गाडीच्या खेळावर महिनाभर सराव करा. तुमचा तुम्हाला विश्वास वाटला, तर मी पुढची तपासणी करते."

"बस चालवायचा खेळ आहे," मुलीने चिमट्याला विचारलं. "जड आहे म्हणतात. पाऊस, गर्दी, आरसे, सगळं दिसतं त्यात. झेपेल याला?"

"ताई, हा बस काय, विमान चालवेल!" चिमट्याने मला काचेच्या टेबलावर ठेवलं. वर एसीचा गार झोत, बाजूला चार्जर. त्याने मोटारींच्या शर्यतीचा एक खेळ लावला.

मित्रांनो, खरी गोम इथे आहे. आम्हा लॅपटॉपांना ताप चढला की आम्ही जळून जाऊ नये म्हणून आपोआप हळू होतो. पण ताप चढायला वेळ लागतो. त्या गारव्यात पहिली तीन मिनिटं मी असा पळालो की काय सांगू! आत भुसा आहे, हे मला माहीत होतं. दहाव्या मिनिटाला काय होईल, तेही माहीत होतं. पण मला घरी जायचं होतं हो.

"अर्धा तास चालवून दाखवता का?" मुलगी म्हणाली.

"अर्धा तास? अहो, पंचवीस वर्षांचा अनुभव आहे. चालला की चालला."

"चल गं," वडील तिला म्हणाले. "कशाला त्यांना ताटकळत ठेवतेस? दिसतंय ना, पळतोय."

आणि मी घरी आलो.

घर लहान, पण नेटकं. जेवणाच्या टेबलाला खेळाचं स्टिअरिंग पकडीने घट्ट बसवलं, खाली ब्रेक आणि ॲक्सिलरेटर ठेवले. माझ्याखाली मुलीच्या आईंनी जाड विणलेला रुमाल अंथरला, टेबलाला चरे पडू नयेत म्हणून. बाबा आंघोळ करून, बूट घालून बसले. अगदी बूट!

"अहो, घरात बूट?" आई म्हणाल्या.

"ड्युटीवर चपला चालत नाहीत."

पहिली दहा मिनिटं बाबा राजासारखे चालवत होते. मग मला ताप चढला. पंखा घोंघावू लागला. ("भांडं उकळतंय का कुठे?" आई स्वयंपाकघरात जाऊन बघून आल्या.) बस एका गर्दीच्या चौकात आली. पावसात पिशवी घेतलेली एक म्हातारी रस्ता ओलांडायला उतरली. बाबांचा पाय ब्रेकवर पडला, अगदी वेळेवर पडला. ते मला कळलंही. पण माझ्याच्याने काम उरकेना. अडखळलो, आणि बस थांबली ती म्हातारीच्या पलीकडे.

खेळातल्या म्हातारीला काही होत नाही, ती परत उभी राहते. बाबांनी मात्र स्टिअरिंगवरचे दोन्ही हात काढून मांडीवर ठेवले. चौतीस वर्षांत त्यांच्या बसने कुणाला ओरखडासुद्धा काढला नव्हता.

त्यानंतर रोज तेच. रोज दहा मिनिटं बरी आणि मग कुणाला तरी धक्का. कधी सायकलवाला, कधी शाळकरी पोरी. बाबा जिद्दीचे, म्हणून वेळ वाढवत गेले, आणि जितका वेळ वाढला तितका मी जास्त तापलो. खुर्चीत बसून ते उजवं पाऊल चोळत राहायचे.

"माझा पाय उशिरा पडतो," एकदा ते आईंना म्हणाले.

"उशिरा? जेवायला हाक मारली की सगळ्यांच्या आधी पोचतो."

आईंना वाटलं, हसतील. ते हसले नाहीत. "तुझ्या भावाला फोन कर," ते म्हणाले. "रविवारी येऊन मोटार घेऊन जा म्हणावं. दारात उभी राहून गंजण्यापेक्षा त्याच्या उपयोगी पडेल. आणि डॉक्टरीणबाईंना मी कळवतो, तपासणी नको."

"आणि तुम्ही?"

"मागच्या सीटवर बसेन. सामान बसतं तसा."

मित्रांनो, त्या वेळी मला वाचा असती तर! पडद्यावर एक ओळ उमटवता आली असती, 'पाय तुमचा नाही, चूक माझी', तर! पण आम्हाला सांगितलेलं तेवढंच उमटवता येतं.

शनिवारी मुलीला सुट्टी होती. मामा मोटार न्यायला येणार हे ऐकून ती कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "बाबा, लॅबमध्ये आम्ही रोज सकाळी आधी मशीन तपासतो, पेशंटचं रक्त नंतर. मशीनच खोटं बोलत असेल तर माणसाला उगाच आजारी ठरवायचं का? तुम्ही याला तपासलंत?"

"दुकानात तपासला की. तुझ्या डोळ्यांदेखत."

बाबांचा खेळ नुकताच संपला होता, मी धगधगत होतो. ती तशीच बसली आणि पुढच्याच चौकात तिने एक फळांची गाडी उडवली. "बघा! मला कुठे झटका आलाय?"

बाबांनी तिच्याकडे रोखून पाहिलं. "मुद्दाम धडकलीस. मला बरं वाटावं म्हणून. तू लहान असताना पत्त्यांत मी तुझ्याशी असाच हरायचो, मला शिकवू नकोस."

पोरगी हार मानणारी नव्हे. तिने स्टूल ओढलं, त्यावर मोबाईल असा उभा केला की बाबांचा पाय आणि माझा पडदा दोन्ही एकाच वेळी दिसतील. "आता तुम्ही चालवा."

"मला नाही चालवायचं."

तेव्हा आई पदराला हात पुसत आल्या आणि खुर्ची सरकवून बाबांच्या शेजारी बसल्या. "मला बसायचंय तुमच्या बसमध्ये. चौतीस वर्षांत एकदा तरी पुढची सीट दिलीत? चला, घंटी वाजली."

बाबांनी बूट घातले.

मी अजून तापलेलाच होतो. तिसऱ्याच मिनिटाला एक माणूस रस्त्यात आला. आई "अहो!" म्हणून ओरडल्या. धक्का बसला. मुलीने मोबाईल उचलला, चित्रफीत अगदी सावकाश लावली आणि बाबांपुढे धरली. "हा तुमचा पाय. पडला, पार तळाला टेकला. आणि आता बसकडे बघा."

पाय ब्रेकवर पडला होता, आणि बस चाललीच होती. चाललीच होती.

बाबांनी ते पाच वेळा पाहिलं. मग एक बोट माझ्या पोटाखाली घातलं आणि चटका बसून मागे घेतलं. "अरेच्चा," एवढंच म्हणाले.

मला वाटलं, आता मला खिडकीतून फेकतील. फेकायला हवं होतं. मुलीने मला ओळखीच्या एका दुरुस्तीवालीकडे नेलं. तिने पोट उघडलं आणि आतून भुशाची गादीच्या गादी बाहेर काढली. उष्णता बाहेर वाहून नेणारी नवी पेस्ट लावली, पंखा बदलला, आणि "रुमालावर ठेवू नका, खालून वारा खेळू द्या," असं बजावलं. मुलगी तिथेच खुर्ची टाकून बसली. तासभर मला पळवल्याशिवाय तिने मला घरी आणलं नाही.

संध्याकाळी बाबांनी चौकच्या चौक पार केले. एकही धक्का नाही. फक्त एका वळणावर बसचा मागचा कोपरा खांबाला घासला. मुलगी लगेच माझ्याकडे वळली. "परत तापला का हा?"

"थांब. हे माझं आहे," बाबा म्हणाले. "उजव्या आरशाकडे बघायला मान वळली नाही. झटक्यानंतर विसरतो मी ते." त्यांचा चेहरा उजळला होता. स्वतःची खरी चूक सापडल्याचा आनंद मी पहिल्यांदाच पाहिला. "हे दुरुस्त होईल. मामाला सांग, उद्या नुसता चहाला ये."

मग बाबांनी डॉक्टरीणबाईंना पुन्हा फोन करून वेळ घेतली, आणि उद्या त्यांची तपासणी आहे. पास होतील की नाही, मला ठाऊक नाही. पण जे ठरेल ते त्यांच्या पायावर, त्यांच्या मानेवर ठरेल, माझ्या तापावर नाही.

तरीही मित्रांनो, ते तीन आठवडे मला परत करता येत नाहीत. त्या दिवसांत बाबांनी मला एकदाही शिवी दिली नाही. दिली असती तर बरं झालं असतं. म्हणून एवढंच मागतो. आम्हा यंत्रांची परीक्षा गार वाऱ्यात, दोन-तीन मिनिटांत उरकू नका. घाम फुटेपर्यंत पळवा, पोट उघडून बघा, आणि आमच्या चकचकीत स्टिकरवर जाऊ नका. आणि तुमच्या घरात कुणी मान खाली घालून "मला आता जमत नाही" म्हणालं, तर त्याच्या हातात काय दिलं होतं, ते आधी तपासा. आम्ही आपणहून खरं बोलत नाही. मी तर नाहीच बोललो.