करंगळीखालचा सूर

दवनीवाड्याचा उमराव धानाची शेती करायचा आणि लग्नसराईत गोंदियाच्या एका ऑर्केस्ट्रात इलेक्ट्रिक गिटार वाजवायचा. गिटार जुनी, आवाज पहिल्यापासूनच मंद. ऑक्टोपॅड आणि कीबोर्डच्या गदारोळात ती वाजते आहे हे फक्त उमरावलाच कळायचं, कारण तारा त्याच्या बोटांखाली असायच्या. अकरा वर्षं त्याने कधी तक्रार केली नाही. गाणाऱ्याच्या मागे भर घालायची, एवढंच आपलं काम, असं त्याने गृहीत धरलं होतं.

यंदा ऑर्केस्ट्राची गायिका भूमिका हिने स्वतः एक गाणं बांधलं. त्याची सुरुवात एकट्या गिटारवर होती आणि तो तुकडा उमरावनेच बसवला होता. तालमीत दोनदा वाजवून झाल्यावर भूमिका म्हणाली, "भाऊ, वाईट नोका मानू. तुमी वाजवून राहिले ते मलेच आयकू नाही येत. हे मी कीबोर्डवर घ्याले सांगते."

उमरावने मान डोलावली. पण दुसऱ्याच दिवशी गिटार पाठीला लावून तो बाजारातल्या कैलाशच्या दुकानात गेला. कैलाश अ‍ॅम्प आणि माईक दुरुस्त करायचा, तरुणपणी स्वतःही गिटार वाजवायचा.

त्याने तारा छेडून पाहिल्या, लाकडावर बोटाने ठोकलं. "गिटार चांगली हाय, भाऊ. पिकअप बेकार हाय. तार इथं बोलून राहिली, पण अ‍ॅम्पपर्यंत पोचतच नाही. बदल डालो."

पिकअप म्हणजे तारांखाली बसवलेली चुंबकं आणि त्यांच्याभोवती गुंडाळलेली केसाहून बारीक तांब्याची तार. तारेची थरथर तेच पकडतात. उमरावने इतकी वर्षं वाजवून तिथे कधी वाकून पाहिलं नव्हतं.

नवे पिकअप नागपूरहून आले, तेव्हा तो अख्खी दुपार कैलाशच्या समोर बसून राहिला. कैलाशने तारा उतरवल्या, पुढची प्लेट खोलली, जुने जोड वितळवून गंजलेले पिकअप बाहेर काढले. नवे तीन बसवले, स्क्रू फिरवून त्यांची उंची तारांच्या बरोबर खाली आणली, नव्या तारा चढवल्या आणि गिटार उमरावच्या मांडीवर दिली.

उमरावने एक मोकळी तार छेडली. सूर निघाला तो पार शेवटच्या थरथरीपर्यंत ऐकू येत राहिला. नख तारेला लागलं, तेही ऐकू आलं. त्याला हसूच फुटलं.

"वा! खुल गया," कैलाश म्हणाला. "आता तुमचा तुकडा वाजवा."

उमरावने डोळे मिटून सुरुवात केली. चौथ्या सुराला तार खरखरली. पुन्हा वाजवलं, पुन्हा तिथेच खरखर, आणि पुढचा सूर तर उमटलाच नाही. कैलाशने पिकअप थोडे खाली घेतले, ती तार बदलली, गिटारच्या दांडीवरच्या पट्ट्या डोळ्याजवळ नेऊन तपासल्या. तरीही तेच. शेवटी त्याने गिटार स्वतःकडे घेतली आणि तोच तुकडा हळूहळू वाजवला. सगळे सूर स्वच्छ निघाले.

कैलाशने उमरावच्या डाव्या हाताकडे पाहिलं.

"गिटारमध्ये काही नाही, भाऊ," कैलाश म्हणाला. "तुमचं तिसरं बोट आणि करंगळी, दोन्ही दबून नाही राहिले."

उमराव घरी आला आणि रोज सकाळी शेतावर जाण्याआधी पडवीत बसून सराव करू लागला. आपण आळशी झालो, इतक्या वर्षांत कुणी ऐकतच नव्हतं म्हणून बोटं ढिली पडली, असं त्याला वाटत होतं. पण दहा दिवसांत काहीच सुधारलं नाही. उलट एक गोष्ट त्याच्या ध्यानात आली. कित्येक महिन्यांपासून तो ती दोन बोटं टाळत होता. जिथे करंगळी हवी तिथे मधलं बोट ओढूनताणून नेत होता. हाताने स्वतःच वाट काढली होती आणि त्याला पत्ता नव्हता. जुन्या गिटारच्या मंद आवाजात सगळं झाकलं जायचं. तीच बरी होती, असंही एकदा त्याच्या मनात येऊन गेलं.

त्याची बायको रुख्मा गावची आशाताई, घरोघरी जाऊन लोकांची आरोग्य-तपासणी करणारी. अकराव्या दिवशी ती रजिस्टर घेऊन बाहेर निघाली होती, ती दारातच थांबली.

"कायले तेच तेच वाजवून राहिले?"

"बोट दबत नाही व. हे पाय, जोर लावतो तरी तार आपली खरखरच करते."

"दुखते का?"

"नाही व, काहीच नाही वाटत. परवा चुलीवरून चहाची गंजी उतरवली तं फोड आला. तो बी मले मांगून दिसला."

रुख्माने रजिस्टर खाली ठेवलं. त्याचा डावा हात धरून तिने बाही वर सरकवली. कोपराच्या मागे, त्याला स्वतःला कधी न दिसणाऱ्या जागी, रुपयाएवढा फिकट चट्टा होता.

"डोळे मिटा," ती म्हणाली. तिने पिशवीतून कापूस काढून त्याची बारीक वात केली. "लागलं का सांगा."

उमराव डोळे मिटून बसला. बराच वेळ गेला.

"लाव ना आधी," तो म्हणाला.

उत्तर आलं नाही म्हणून त्याने डोळे उघडले. रुख्मा रडत होती. तिने तीनदा कापूस लावला होता.

"गावभर लोकाईचे चट्टे पायत फिरली मी," ती म्हणाली. "घरच्या माणसाचा हात नाही पायला."

आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरीणबाईंनी कोपरापाशी नस चाचपली, ती जाड झाली होती. पाठीवर आणखी सहा चट्टे सापडले. कुष्ठरोग, त्यांनी सरळ सांगितलं. वर्षभर गोळ्या, सोबत नसेसाठी वेगळं औषध. गोळ्या सुरू झाल्या की दुसऱ्याला लागण होत नाही. "वेळेवर आलात. आणखी सहा महिने गेले असते तर बोटं वाकडी झाली असती. तुम्हाला कळलं कसं?"

"गिटारचे पिकअप बदलले," उमराव म्हणाला. डॉक्टरीणबाईंना ते समजलं नाही आणि त्याने समजावलंही नाही.

घरी परतताना रस्त्यात तो रुख्माला म्हणाला, "ऑर्केस्ट्रातल्या लोकाईले सांगू नोको. कोणी बाजूले बसणार नाही."

"मी घरोघरी जाऊन लोकाईले सांगते का लपवू नोका. अना तुमीच लपवान?"

तो पुढे चालत राहिला. पण पुढच्या तालमीला गेल्यावर त्याने सगळ्यांसमोर सांगून टाकलं. कीबोर्डवाल्याने खुर्ची किंचित मागे सरकवली. ते सगळ्यांनी पाहिलं. भूमिका जमिनीकडे बघत राहिली. तालीम लवकर आटोपली. उमराव गिटार पिशवीत भरत असताना भूमिका जवळ आली.

"मी माह्या मावशीले फोन लावला होता आता," ती म्हणाली. "नर्स हाय ते. ते मनते का काहीच होत नाही. मी तुमच्याच बाजूले बसन." मग जरा थांबून, "पण गोळ्या चुकवू नोका. मी विचारत राईन."

आणि ती खरंच विचारत राहिली, दर तालमीला, नमस्कार करायच्या आधी. दोन-तीन महिन्यांनी कीबोर्डवाल्याची खुर्चीही जवळ आली. त्याने माफी मागितली नाही, त्याने ती मागावी असं उमरावनेही कधी म्हटलं नाही.

दिवाळीनंतर गावोगावी मंडई, म्हणजे दिवसभराच्या जत्रा, भरू लागल्या. कोहमाऱ्याजवळच्या एका गावात दुपारच्या मंडईत त्यांचा कार्यक्रम होता. पाळणे फिरत होते, भज्यांचा वास सुटला होता, लोक उन्हात हात आडवा धरून मंचाकडे बघत होते. तोवर उमरावचं तिसरं बोट दबू लागलं होतं. करंगळी मात्र अजून कच्ची होती. डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या की ती येईलही किंवा एवढीच राहील.

भूमिकाने तिच्या गाण्याची सुरुवात कीबोर्डकडून काढून पुन्हा त्याला दिली होती, ती त्याने एकट्याने केली. तुकडा त्याने नव्याने बसवला होता, तीन बोटांचा. सूर कमी होते आणि त्यांच्यामध्ये जागा जास्त होती. शेवटचा सूर तेवढा करंगळीचा. तो गाळता आला असता, पण त्याने वाजवला. तार जराशी खरखरली आणि मैदानाच्या टोकापर्यंत सगळ्यांना ती ऐकू आली. उमरावने बोट उचललं नाही. खरखरीखालून बारीकसा सूर निघाला, तो विरेपर्यंत भूमिका थांबली, मग गायला लागली.