व्हरांड्यातली खुर्ची

पांढरकवड्याच्या एका शाळेच्या व्हरांड्यात नाहिद रोज साड्यांना फॉल लावत बसायची. पोरगी वर्गात, आई बाहेर. तिला काही हौस नव्हती. दुसरीतल्या तिच्या तमन्नाला शेंगदाण्याचा कण जरी पोटात गेला तरी घसा सुजून श्वास अडायचा. दोनदा ती मरता मरता वाचली होती. डॉक्टरांनी एक इंजेक्शन आणि सुई दिली, मांडीत कसं टोचायचं ते नाहिदला शिकवलं आणि शाळेतही कुणाला तरी ते शिकवून ठेवा म्हणून बजावलं.

शाळेत कुणी तयार होईना. हेडमास्तर भगवानरावांनी वर विचारून पाहिलं. गावोगाव कापूस बुडालेल्या घरांचा सर्व्हे चालू होता, निम्मे मास्तर त्या कामावर. ते संपलं की बघू, असं उत्तर आलं. हंगाम सरला, दुसरा आला, सर्व्हे संपेना. भगवानरावांचं म्हणणं एकच होतं, की सुई टोचली आणि पोरीला काही झालं तर नोकरी त्यांची जाईल. खिचडीत शेंगदाणे घालू नका एवढं मात्र त्यांनी सांगितलं. पण पोरांचे डबे कोण उघडून बघणार?

म्हणून नाहिद बसायची. तिचा नवरा मन्सूर मिस्त्री. गॅरेजमध्ये ट्रॅक्टर यायचे बंद झाले होते, म्हणून घर तिच्या शिवणावर चालत होतं. आणि व्हरांड्यात मशीन कुठून आणणार? हातानं जेवढं होईल तेवढंच.

एका दुपारी मधल्या सुट्टीत चौथीतली नलू मैदानावरून रडत आली. गांधीलमाशी चावली होती. जया मॅडमनी चुना लावला. पण बघता बघता पोरीचे ओठ फुगले, अंगावर गांध्या उठल्या, श्वासाची शिटी वाजायला लागली. नाहिदनं ती शिटी ओळखली.

पिशवीत इंजेक्शन एकच होतं. ते संपलं आणि संध्याकाळपर्यंत तमन्नाला काही झालं तर? तिचा हात पिशवीवरच थबकला. नलूची मान कलली, तसं तिनं पोरीला आडवं केलं. नलू अंगानं तमन्नाएवढीच होती. डॉक्टरांनी दाखवलेल्या रेघेपर्यंत औषध भरून तिनं मांडीत टोचलं. मग एक जीप थांबवून पोरीला दवाखान्यात नेलं. सांजेपर्यंत नलू बोलायला लागली.

दुसऱ्या दिवशी नलूचे वडील धावजी तांड्यावरून आले आणि नाहिदपुढे हात जोडून उभे राहिले. भगवानरावांनी मात्र ऑफिसातली गादीची खुर्ची मागवून व्हरांड्यात ठेवली.

"बसा भाभी. आता आमच्या शाळेले कायची चिंता? तुमी रोज हायेच."

नाहिदच्या अंगाची लाही झाली. एवढं झाल्यावरही या माणसाला तीच सापडली.

"मले खुर्ची नोका देऊ, सर," ती म्हणाली. "मी तापानं घरी पडली त काय कराल? सुई कोण शिकते, ते सांगा."

एकेक मास्तर वर्गाकडे निघाला. जया मॅडम तेवढ्या थांबल्या, म्हणाल्या, "मले सुईचा भेव वाटते. पण शिकवा."

त्या आठवड्यात शाळा सुटल्यावर जया मॅडम संत्र्याच्या सालीत पाणी टोचत राहिल्या. सुरुवातीला सुई सालीतच वाकायची. मग जमलं. नाहिदनं नवीन इंजेक्शन त्यांच्या कपाटात ठेवलं आणि एका सकाळी ती घरी मशीनवर जाऊन बसली. कान दिवसभर रस्त्याकडे होते. शिवण दोनदा उसवावी लागली.

महिना व्हायच्या आत जया मॅडमच्या हातात सर्व्हेचा कागद पडला. उद्यापासून झरीकडच्या गावांत.

नाहिद तडक ऑफिसात गेली. रडू येत होतं, पण रडली नाही. पिशवीतून संत्रं काढून तिनं भगवानरावांच्या टेबलावर ठेवलं, शेजारी रिकामी सुई ठेवली. ते म्हणाले, वरून तशी ऑर्डर नाही. ती म्हणाली, ठीक हाय, आणि समोरच्या खुर्चीवर बसून राहिली. शिपाई चहा देऊन गेला, घंटा झाली, पोरं घरी गेली, तमन्ना दाराशी येऊन थांबली. तरी ती उठली नाही.

शेवटी भगवानरावांनी चष्मा लावला आणि सुई उलटी धरली.

"तशी नाही, सर," नाहिद म्हणाली, आणि खुर्ची टेबलाजवळ ओढली.