कुंपणापाशी न थांबलेली कोंबडी

पडद्यावरची कोंबडी कुंपणापाशी थांबायला हवी होती. ती थांबली नाही. कुंपण ओलांडून, पडद्याची कड ओलांडून पार बेपत्ता झाली, आणि दारात उभे राहून कौतुक बघणारे मुख्याध्यापक खो खो हसले.

पोलादपूरच्या त्या शाळेत शाळा सुटल्यावर मुलींचा कोडिंगचा वर्ग भरायचा. शिकवायला महाडहून पूनम मॅडम यायच्या. कोंबडीचा खेळ मुलींनी मिळून मॅडमच्या लॅपटॉपवर बनवलेला. कोंबडीला थांबवायचा भाग श्रुतिकाचा. श्रुतिका म्हणजे कापडे गावाच्या वरच्या अंगाला असलेल्या वाडीतली, सातवीतली पोर.

मुख्याध्यापक हसले तसा मॅडमचा पारा चढला. "श्रुतिका, नीट बघून लिहायला काय होतं? चूक सापडेपर्यंत उठायचं नाही."

पोर खाली मान घालून शोधायला बसली. मॅडमनी तिच्या खांद्यावरून डोकावलं मात्र, चूक त्यांच्या लगेच ध्यानात आली. लहान-मोठं दाखवणारी खूण उलटी होती, आणि ती उलटी त्यांनीच केली होती. आदल्या संध्याकाळी घरी बसून पोरींचं काम 'जरा नीटनेटकं' करताना. श्रुतिकाचं मुळात बरोबर होतं. तेवढंच सांगायचं होतं. पण मुख्याध्यापक अजून दारातून हलले नव्हते, म्हणून दुसऱ्यांच्या चुका दाखवण्यात पटाईत असलेल्या मॅडम मूग गिळून बसल्या. आता सांगू, मग सांगू करता करता श्रुतिकालाच खूण सापडली आणि कोंबडी थांबली.

"सॉरी मॅडम, माझंच चुकलं," ती म्हणाली.

"पुढच्या वेळी लक्ष ठेव," मॅडम म्हणाल्या. खरंच म्हणाल्या असं.

तोवर वाडीकडे जाणारी शेवटची एसटी निघून गेली होती. पोर काळोखात चढ चढून घरी पोहोचली, आणि दुसऱ्या दिवसापासून तिचं वर्गाला येणं बंद झालं.

मॅडमना अन्न गोड लागेना. शेवटी रविवारी त्या वाडीवर गेल्या. श्रुतिकाचे वडील गोमाजी गोठ्यात शेण ओढत होते. हात धुऊन आले, घोंगडी झटकून अंथरली, पोरीला चहा ठेवायला सांगितला.

"श्रुतिकाला पाठवा ना वर्गाला," मॅडम म्हणाल्या.

"नको बाई. जमत नाय तिला. तीच सांगते, खूण उलटी लिवली नि सगळ्यांना खोळंबून ठेवलं. जे येतंय त्याच्यापायी उशीर झाला तर सोसू. येतच नाय, त्याच्यापायी पोर काळोखात कशाला चालवायची?"

श्रुतिका चहाचा कप घेऊन उंबऱ्यात उभी होती. मॅडमनी एकदाचं सांगून टाकलं. "चूक तिची नव्हती. माझी होती. तिचं बरोबर होतं, मी बिघडवलं."

गोमाजी हसले. "बघ गो, तुझ्यापायी बाई सोताच्या अंगावर घेतायत. केवढं मन म्हनायचं!" आणि त्यांनी चक्क हात जोडले.

मॅडमना मेल्याहून मेल्यासारखं झालं. शिव्या चालल्या असत्या, हे जोडलेले हात बघवेनात. "तसं नाही हो, खरंच माझीच..." जितकं खरं सांगावं तितक्या त्या थोर ठरत चालल्या. आणि मनातल्या मनात कुठेतरी ते थोरपण त्यांना बरंही वाटलं. त्याची तर त्यांना शिसारीच आली.

श्रुतिका हसली नाही. "मॅडम, तुम्हाला कवा कळलं?"

"तेव्हाच. तू शोधत होतीस तेव्हा."

"मग तवाच का नाय सांगितलंत? माझी एसटी व्हती."

मुख्याध्यापक दारात होते, हे काय त्या पोरीला सांगण्याजोगं उत्तर होतं? मॅडम नुसत्या घोंगडीकडे बघत राहिल्या.

त्यांना गप्प बसलेलं पाहून गोमाजींचे जोडलेले हात सावकाश सुटले. आता त्यांना पटलं होतं.

"उद्यापासून जा गो वर्गाला," ते लेकीला म्हणाले. "तुला येतंय."

मग मॅडमकडे न बघताच म्हणाले, "एसटीच्या आधी सोडा तिला."