तव्यावरची करणी

"उतरली! करणी उतरली!"

माकणीच्या पारावर शंभरएक माणसं ओरडत होती. माणिकप्पा महाराजांनी लोखंडी तवा उंच धरला होता. मघाशी त्यात पाणी होतं, आता पांढरी भुकटी.

रीत अशी, की आजाऱ्यानं घरचं तांब्याभर पाणी आणायचं, त्यात बोट बुडवायचं आणि महाराजांनी ते तव्यावर आटवायचं. वर तोंडाचा पट्टा चालूच. "पानी गेलं हवेत, करणी बसली तव्यात! डाक्टरच्या फोटूत दिसली का? न्हाय! तव्यात दिसली का? व्हय!"

मी गावातला विज्ञानाचा मास्तर. माझं टाळकं सटकलं, कारण या खेपेचं पाणी माझ्या काकूंचं होतं, दगडाबाईंचं. दोन्ही किडन्या निकामी. आठवड्यातून दोनदा उमरग्याला नेऊन मशीनवर रक्त शुद्ध करावं लागायचं. या बाबाच्या नादानं दोन खेपा चुकल्या होत्या आणि पाय सुजून हे एवढाले झाले होते.

"रणधीर, आईला गाडीत घाल आधी," मी चुलतभावाला म्हणालो.

"थांब की दादा. निम्मी करणी निघालीय."

"अरे, बोअरच्या पाण्यातले क्षार आहेत ते! पाण्याची वाफ होती, क्षारांची होत न्हाय, ते तळाला राहतात. अंघोळीच्या हंड्याला आतून पांढरं काय बसतंय?"

"आता हंड्यालाबी कुणी करणी करतंय व्हय?" एक म्हातारी बोलली आणि सगळा पार खो खो हसला.

मी इरेला पेटलो. शंभूच्या दुकानातून इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालायचं पाणी आणलं. ते वाफेचंच थंड करून धरलेलं, त्यात क्षार औषधालाही नसतात. तवा घासूनपुसून चुलीवर ठेवला. "काकू, बुडवा बोट." पाणी उकळलं, आटलं. तवा लख्ख!

"बघा! बोट तेच, तवा तोच. भुकटी कुठंय?"

माणिकप्पांनी तव्यात डोकावून दोन्ही हात वर केले. "समदी निघाली! आता मास्तरनंच दाखवलं की!"

टाळ्यांचा नुसता कडकडाट. पाणी वेगळं आहे, अहो पाणी वेगळं आहे, म्हणून मी घसा फोडत होतो. ऐकतंय कोण? काकूंनी माझा हात धरला. "लेकरा, तुझ्या हातानं बरी झाले रं." रणधीरनं उमरग्याची गाडी माघारी धाडली.

पाचव्या दिवशी काकू गेल्या.

हात जोडून सांगतो. तुमच्याकडं असा कुणी आला तर दोन तवे एकदम ठेवा, एकात बोअरचं पाणी, दुसऱ्यात बॅटरीचं, आणि बोट कुणाचंच नको. मी एकच तवा ठेवला आणि हरलो. अन् हे सगळं करायचं ते आजाऱ्याला दवाखान्यात पोचवून आल्यावर.