आणखी एक नाव जोडा

“दुसरी बायको काढून टाक आणि पॅक कर,” अमांक्वा म्हणाला. हातात वाच्येचा, म्हणजे चवळीभाताचा डबा, तोंडात घास, आणि वर हुकूम.

“कुणाची दुसरी बायको, बॉस?”

“त्या फॉर्मातली गं. ‘विधवा’ आहे तिथे ‘आणखी एक नाव जोडा’ असं बटण ठेवलंयस ना? चर्चच्या मंडळींना नकोय. एक नवरा, एक बायको. काढ ते.”

माझ्या डोक्यात तिडीक गेली. चार महिने मी हे प्लगइन बांधत होते. इथल्या, कुमासी शहरातल्या एका चर्चच्या वेबसाइटला ते जोडायचं होतं. घरात कुणी गेलं की फॉर्म भरायचा आणि निधनाचं पत्रक तयार: फोटो, अंत्यविधीचा शनिवार, कुळाचा प्रमुख, विधवा, मुलं, नातवंडं. आमच्याकडे जिवंतपणी माणसाला कोण विचारतं ते सोडा, पत्रक मात्र अख्खं गाव वाचतं. ज्याचं नाव त्यात नाही, तो मेलेल्याचा कुणी नाही.

हे मला कुणी शिकवायला नको. बाबा गेले तेव्हा मी अकरा वर्षांची होते. आमच्याच गल्लीच्या भिंतीवर पत्रक लागलं. त्यात थोरली आई, म्हणजे बाबांची पहिली बायको, आणि तिची सहा मुलं. माझी आई नाही, मी नाही. आईने ते दोनदा वाचलं आणि विकायच्या केंकेची, मक्याच्या आंबवलेल्या उंड्यांची टोपली डोक्यावर घेऊन ती बाजारात गेली.

टेस्टिंगला मी डुफी मावशींना बसवलं होतं. तीस वर्षं छापखान्यात अशीच पत्रकं टाइप केलेली बाई, आता आमच्या रिसेप्शनवर. पहिल्याच दिवशी त्या अकरा मुलांची यादी भरत होत्या. दुसऱ्या ‘याव’वर फॉर्म लाल झाला. हे नाव आधीच आहे, म्हणे.

“अगं ए शहाणे!” मावशी कडाडल्या. “तीन पोरं गुरुवारी झाली, तिघांचं नाव याव ठेवलं. तुझं मशीन दोघांना जिवंत गाडतंय की!”

चूक माझी होती. परदेशातला नमुना डोळे मिटून उचलला होता. आमच्याकडे नाव जन्माच्या वारावरून पडतं; मी स्वतः रविवारची अकोसुआ, शाळेत एका वर्गात आम्ही पाच अकोसुआ होतो, तरी अक्कल गहाण पडली होती. ते दुरुस्त केलं. मग टेस्टसाठी मी बाबांचंच पत्रक भरलं: दोन विधवा, सात मुलं. आईचं नाव मी पहिल्यांदाच छापलेलं पाहिलं.

“दोन बायकांचा नवरा त्यांच्या चर्चमध्ये मरतच नाही का?” मी अमांक्वाला विचारलं.

“मरतो. पत्रकावर एकच.”

“आणि दुसरीने सुतकाचे काळे-लाल कपडे घालून कुठे बसायचं? गटारावर?”

“ओरडू नकोस. वेबसाइट त्यांची आहे. आणि हे बघ, फाइलच्या डोक्यावर ‘लेखक’ म्हणून या वेळी कंपनीचं नको, तुझं नाव टाक. जगभर दिसेल.”

गाजर! सहा वर्षांत पहिलं.

“ते बटण मी शंभरदा दाबलंय,” मावशी मधेच म्हणाल्या. “एकदाही अडलं नाही.”

“चालतंय म्हणूनच काढायला सांगतायत, मावशी.”

नऊ ओळी होत्या. दात-ओठ खात मी त्या पुसल्या. मावशींनी पुन्हा बाबांचा फॉर्म भरला. थोरली आई लिहून झाली आणि रकाना बंद झाला. सगळं नीट चालत होतं, त्याचाच मला संताप आला. ‘लेखक’पुढे मी माझं नाव लिहिलं, वाचलं आणि पुसलं. फाइल बांधून पाठवून दिली.

“अगं, तुझं नाव राहिलं की!” अमांक्वा म्हणाला.

“राहिलं नाही, बॉस. मी काढलंय.”

टेस्टच्या छापील प्रती मावशी फाडत होत्या. एक त्यांनी घडी करून माझ्या हातात दिली. दोन विधवा, सात मुलं. वर त्यांच्या टेबलावरची चिकटपट्टीही दिली.

संध्याकाळी मी आमच्या लहानपणीच्या त्या गल्लीत शिरले. भिंत तीच, फक्त रंग बदललाय. चार कोपऱ्यांना पट्टी लावून पत्रक डकवलं. केळी भाजणारी एक बाई शेगडी सोडून आली आणि ओळीवर बोट ठेवून वाचू लागली. आईच्या नावाशी तिचं बोट थांबलं.

“ही केंकेवालीच ना? कोण गेलं गं तिचं?”

“नवरा,” मी म्हटलं.