दोन हातांचं अंतर

मांजर माणसाच्या मागे मागे का फिरतं, याची कारणं मनस्विनीनं एका इंग्रजी मासिकात वाचली होती आणि ती सासूला ऐकवल्याशिवाय तिला चैन पडेना. भूक लागते म्हणून, ऊब हवी असते म्हणून, आपली हद्द तपासायची असते म्हणून, आणि एकटं वाटतं म्हणून. दर रविवारी ती नवऱ्याबरोबर, म्हणजे वादिराजबरोबर, कोरमंगल्याहून मल्लेश्वरमला सासूकडे यायची आणि आल्या आल्या मांजराकडे बोट दाखवायची.

"बघा अत्ते, तुमच्या मागनं हलत नाही. मामा गेल्यावर तिला आता तुम्हीच."

"दूध मी घालते ना," अहल्याबाई म्हणायच्या. "उद्या दूधवाल्यानं घातलं तर त्याच्या सायकलीमागे पळेल. मांजराच्या मायेचं मला नको सांगू."

अहल्याबाई बोलायला अशाच, फोडणीतल्या मोहरीसारख्या. त्यांच्या सासरचं घराणं तीनशे वर्षांपूर्वी इकडे कन्नड मुलखात आलं आणि इथलंच झालं. मराठी माजघरात राहिली, कन्नड अंगणातून आत आली, आणि दोघी गुण्यागोविंदानं नांदल्या. मांजराचं नावही असंच पडलेलं. पिल्लू घरात आलं तेव्हा मुठीएवढं होतं. जयतीर्थ रोज दूधवाल्याला म्हणायचे, "स्वल्प जास्त हाक रे, हिच्यासाठी," म्हणजे थोडं जास्त घाल. तेव्हापासून ती स्वल्पी.

जयतीर्थ म्हणजे अहल्याबाईंचे यजमान, मनस्विनीचे सासरे; ती त्यांना मामा म्हणायची. कॉलेजच्या ग्रंथालयातून निवृत्त झालेले, उंच, हळू बोलणारे. लहानपणी पेरूच्या झाडावरून पडून उजव्या हाताची करंगळी वाकडी झालेली. त्यांची सकाळची फेरी ठरलेली असायची. फाटकाची कडी, तुळस, घड्याळाची किल्ली, मग स्वयंपाकघराचा उंबरठा. स्वल्पी त्यांच्या पावलात पाऊल घालून चालायची. उंबरठ्यापाशी मात्र दोघांची वाट वेगळी व्हायची. स्वल्पी आत जाऊन शेगडीजवळ अंगाची वळकटी करायची आणि जयतीर्थ बाहेरच उभे राहायचे.

कारण आत अहल्याबाई मडीत असायच्या. मडी म्हणजे सोवळं. डोक्यावरून पाणी घेऊन, काठीनं उंच वाळत घातलेलं लुगडं नेसून, देवाला नैवेद्य दाखवेपर्यंत कुणाला शिवायचं नाही. नवरा असो, मुलगा असो, दोन हात लांब. मांजराला तेवढी सूट होती. मांजराला विटाळ नसतो, असं त्यांच्या सासूबाई सांगून गेल्या होत्या आणि सासूबाईंचं वाक्य या घरात वरच्या कोर्टात जातच नसे.

"मांजराला आत मोकळीक आणि मला नाही," जयतीर्थ हसून म्हणायचे.

"मग पुढच्या जन्मी शेपूट घेऊन या," अहल्याबाई म्हणायच्या. एकेचाळीस वर्षं हा विनोद चालला आणि कुणालाच शिळा वाटला नाही.

जयतीर्थ ज्येष्ठातल्या द्वादशीला, सकाळी पावणेसातला गेले. आदल्या दिवशीची एकादशी त्यांनी पाण्याचा थेंबही न घेता केली होती. सकाळी ते स्वयंपाकघराच्या दारात बसल्या बसल्या गेले, हृदय बंद पडलं, कुणाला कळलंही नाही, असं अहल्याबाईंनी सगळ्यांना सांगितलं. दहाव्याला कावळा पिंडाला लगेच शिवला. काही मागे राहिलं नाही म्हणून भावकीनं समाधान मानलं.

त्यानंतर स्वल्पी अहल्याबाईंच्या मागे फिरू लागली. पहिले काही महिने त्यांनी तिकडे लक्ष दिलं नाही. घर रिकामं झालं की माणूस मांजराच्याही पावलांना सोबत मानतो. पण मार्गशीर्षातल्या एका सकाळी त्या मागच्या पडवीत काठीनं लुगडं दांडीवर टाकत होत्या आणि सहज मागे वळल्या.

स्वल्पी दोन हात मागे होती. शेपटी ताठ, पाठ कमानदार, आणि ती कशाला तरी अंग घासत होती. आधी या बाजूनं गेली, वळली, मग मधून निघून त्या बाजूनं आली. पायांत घुटमळणारं मांजर कसं वळसे घालतं, ते अहल्याबाईंनी आयुष्यभर पाहिलं होतं. फक्त तिथे पाय नव्हते. तिथे लाल गुळगुळीत फरशी होती आणि तिच्यावर सकाळचं ऊन पडलं होतं.

त्यांच्या हातातली काठी सुटली. स्वल्पी दचकली नाही. तिनं मान वर केली आणि ती बघू लागली, अहल्याबाईंकडे नव्हे, त्यांच्या आणि आपल्या मधोमध, चांगलं उंचावर. जयतीर्थ उंच होते.

अहल्याबाई घाबरल्या. देवघरात जाऊन बसल्या, स्तोत्र म्हणायला घेतलं आणि तिसऱ्या ओळीवर अडखळल्या, कारण देवघराच्या दाराबाहेर, दोन हात अंतर राखून, मांजर येऊन बसलं होतं.

मग त्यांनी परीक्षा घ्यायला सुरुवात केली. त्या माजघरातून ओसरीवर गेल्या की स्वल्पी निघायची. थांबल्या की थांबायची. जवळ येऊन पायाला चिकटायची मात्र नाही. मध्ये एका माणसाची जागा सोडायची. भरलेली वाटी त्यांनी आपल्या पायाशी ठेवली तर ती त्या जागेला वळसा घालून यायची, दूध प्यायची आणि पुन्हा वळसा घालून मागे जायची. स्वल्पी अहल्याबाईंच्या मागे फिरतच नव्हती. ती अजून जयतीर्थांच्याच मागे फिरत होती, आणि ते अहल्याबाईंच्या मागे.

आणखी एक गोष्ट होती. त्या द्वादशीपासून स्वल्पीनं स्वयंपाकघराचा उंबरठा ओलांडला नव्हता. शेगडीजवळची उबदार जागा सोडून ती बाहेर, चौकटीशी बसायची.

मांजर डोळे मिटून दूध पितं म्हणतात. अहल्याबाईंनीही त्या सकाळवर डोळे मिटून घेतले होते आणि कुणाला ताकास तूर लागू दिली नव्हती. खरी गोष्ट अशी होती. त्या दिवशी जयतीर्थ उंबरठ्याशी आले आणि म्हणाले होते, "अहल्या, जरा हात दे ग. घेरी येतेय." अहल्याबाई पळीनं पायस ढवळत होत्या. पारण्याची वेळ टळत होती. मागे न बघता त्या म्हणाल्या, "थांबा तिथंच, मडीत आहे मी. नैवेद्य होऊ दे." ते "सरी" म्हणाले, म्हणजे बरं. एवढंच म्हणाले आणि थांबले. चौकटीला पाठ घासून कुणी खाली बसल्याचा आवाज त्यांनी ऐकला होता. तरी त्यांनी आधी पायस उतरवलं, पानावर तुळस ठेवली, आणि मगच वळून पाहिलं.

एकेचाळीस वर्षं हा माणूस सांगितलं की थांबत आला होता. अहल्याबाईंना आता भीती उरली नाही. लाज वाटू लागली, आणि ती भीतीपेक्षा वाईट होती. रोज घरभर ते दोन हात मागून येत होते, बायकोनं थांबायला सांगितलंय म्हणून, आणि पुढे काय ते बायकोनं सांगितलंच नव्हतं. कितीदा तरी त्या वळल्या. पण 'या' म्हटलं तर त्या दिवशी ऐकलं होतं हे कबूल करावं लागणार.

वैशाखात त्रिविक्रमाचार्य वर्षश्राद्धाची तिथी सांगायला आले. "हे वर्ष सरलं की ते पितरांच्या पंक्तीला बसतात," ते म्हणाले. "मग घरात त्यांचं पाऊल नाही."

"कधीच?" अहल्याबाईंनी विचारलं.

"कधीच नाही. चांगलंच की ते, अक्का."

आचार्य कॉफी पिऊन गेले. हात मागत आलेला माणूस तसाच, न घेता, कायमचा निघून जाणार होता, आणि त्याला तीन आठवडे उरले होते.

श्राद्धाचा स्वयंपाक सुनेनं करायचा, अशी रीत. अहल्याबाईंनी सांगून टाकलं की तो त्या स्वतः करणार. आचार्यांनी भुवया चढवल्या. "हे शास्त्रात बसत नाही, अक्का."

"शास्त्रात बसत नाही, पण तुमच्या पोटात चाळीस वर्षं बसलाय," त्या म्हणाल्या.

श्राद्धाच्या दिवशी उन्हं वर आली तेव्हा ओलं लुगडं अंगावरच वाळवत त्या शेगडीशी उभ्या होत्या. उडदाचे वडे तळणं चाललं होतं. बाहेर वादिराज धोतर नेसून दर्भ मांडत होता, आचार्य घड्याळ बघत होते. मनस्विनी माजघरात केळीची पानं पुसत होती.

अहल्याबाईंनी वळून पाहिलं. स्वल्पी उंबरठ्यापलीकडे बसली होती, जरा तिरकी, कशाला तरी टेकून. पाठ चौकटीला लागलेली नव्हती. चौकटीच्या आणि तिच्या मध्ये, कुणी पाठ टेकून खाली बसलं तर लागेल तेवढी जागा मोकळी होती. आणि तिचं अंग हळूहळू वरखाली होत होतं, स्वतःच्या नव्हे, दुसऱ्याच्या श्वासानं.

अहल्याबाईंनी गॅस बंद केला. कढईतला आवाज विझत गेला. उजव्या हातात झारा तसाच होता, म्हणून त्यांनी डावा हात उंबरठ्याबाहेर धरला.

"ऐकलं होतं मी," त्या म्हणाल्या. "त्या दिवशी ऐकलं होतं. या. हात देते."

स्वल्पी उठली. तिची नजर वर चढत गेली, खांद्याएवढी, मग अहल्याबाईंच्या डोक्यावरून वर. आणि त्यांच्या तळव्यावर दुसरा तळवा आला. गार, कोरडा, पहाटे विहिरीच्या कठड्याला हात लावावा तसा. बोटं मिटली. चार सरळ मिटली. पाचवं, करंगळीचं, बाहेरच राहिलं, वाकडं.

"अत्ते?" मनस्विनी पान हातात धरून उभी होती. "कोणाला हात देताय?"

"तुझ्या मामांना," अहल्याबाई म्हणाल्या. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि त्यांनी ते पुसलं नाही. "तेव्हा मागितला होता, मी दिला नव्हता."

मडी मोडली होती. पुन्हा डोक्यावरून पाणी घ्यायला हवं होतं, स्वयंपाक नव्यानं करायला हवा होता. त्यांनी गॅस पेटवला आणि उरलेले वडे एका हातानं तळले. मनस्विनीनं सासूच्या तोंडाकडे पाहिलं आणि ती कुणाला काही बोलली नाही. ब्राह्मण जेवले, पिंड झाले. "झालं," जाताना आचार्य म्हणाले. "गेले ते. आता निश्चिंत व्हा."

पुढच्या रविवारी मनस्विनी आली तेव्हा स्वल्पी शेगडीजवळ वळकटी करून झोपली होती. अहल्याबाई ओसरीवर निघाल्या तशी ती उठली आणि निघाली. मागे नव्हे, आता त्यांच्या डाव्या बाजूनं, मध्ये एका माणसाची जागा सोडून.

मनस्विनी बघत राहिली. सासूनं उजव्या हातानं फाटकाची कडी काढली. उजव्या हातानं तुळशीला पाणी घातलं. घड्याळाची किल्ली उजव्याच हातानं दिली, आणि घड्याळ डुगडुगत होतं तरी दुसऱ्या हातानं धरलं नाही. कॉफीचा पेला आणि वाटी दोन्ही एकदम उचलायची वेळ आली तेव्हा वाटी तिथेच राहिली. डावा हात अंगापासून जरा लांब, अर्धवट मिटलेला होता, आणि त्याची नखं निळसर दिसत होती.

"अत्ते, हाताला काय झालं? डॉक्टरांना दाखवूया का?"

"काही झालं नाही ग," अहल्याबाई हसून म्हणाल्या. किती तरी महिन्यांनी त्या अशा हसल्या. "गुंतलाय तो. वाटी तेवढी तू घे."